स्थळ आणि संकल्प

धर्मकृत्यारंभी यजमान संकल्प सोडतो, तेव्हा तो प्रथम देशकालाचा उच्चार करतो. आदिलाबादचा यजमान आपण गोदावरीच्या उत्तर तीरी असल्याचे सांगतो. एवढ्यावरून त्याचे घर कोणासही सापडणार नाही. तथापि संकल्पास त्यामुळे न्यून येत नाही. मग अचूकता म्हणावी तरी कशाला?

गेल्या पावसाळ्यात आम्ही आदिलाबादहून माहूरास रेणुकादर्शनास निघालो होतो. वळणावर एका गुराख्याने पुढील नाल्यास पाणी असल्याचे सांगितले. मोबाइल मात्र तीच वाट दाखवीत होता. आम्ही मोबाइलवर विसंबलो आणि सोबतच्या वृद्ध मंडळींसह अंधारात माघारी फिरलो. 'यंत्राने फसविले,' असे उद्गार आमच्या तोंडून निघाले. ते कितपत न्याय्य होते?

सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह वेळेचे संकेत धाडतात. निदान चार उपग्रहांचे संकेत पोहोचण्यास किती वेळ लागला, यावरून यंत्र आपले स्थान काढते. मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार नागरी संकेतांत हेतुतः दोष मिसळीत असे. तो दूर झाला, आणि आज मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाइलची चूकही बहुधा पाच मीटरांच्या आसपास असते. दाट झाडीत, डोंगरकपारीत ती वाढते. महामार्ग कोणता व त्यालगतचा सेवारस्ता कोणता, हे ओळखण्यास पाच मीटरांची चूकही पुष्कळ होते. नकाशावरील खुणेभोवतीचे फिकट निळे वर्तुळ ही त्या अनिश्चिततेची कबुलीच होय. ती वाचण्याचे कष्ट आपण घेत नाही.

त्या सायंकाळी यंत्राने आमचे स्थान बरोबरच सांगितले होते. नाल्याचे पाणी उपग्रहास ठाऊक नव्हते, गुराख्यास होते.

पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात मोडणाऱ्या व २०१६ पासून आसिफाबाद जिल्ह्यात गणल्या जाणाऱ्या केरामेरी भागाच्या सीमेवर परमडोली, मुकदमगुडा आदी गावे आहेत. त्यांवर महाराष्ट्र व तेलंगण या दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला आणि अनेक मराठी कुटुंबांच्या घरी दोन्हीकडच्या शिधापत्रिका आल्या. ते घर कोठे उभे आहे, हे यंत्र क्षणात सांगेल. ते कोणत्या राज्याचे, हा निवाडा माणसांनीच करावयाचा असतो.

संकल्पात स्थळाच्या पाठोपाठ कर्त्याचे नाव येते, आणि मग हेतू. यंत्राने पहिले काम आपल्या हातून घेतले, ते उत्तमच झाले. उरलेली दोन मात्र आपलीच आहेत. म्हणून वाट चुकल्याचा दोष त्याच्या माथी मारणे आम्हांस उचित वाटत नाही.