धर्माच्या तासाला कुठल्या खोलीत बसायचं?

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या सरकारी प्राथमिक शाळांत आठवड्यातला एक अर्धा तास मोठा विचित्र असतो. त्या वेळात वर्गशिक्षकाने नवा धडा घ्यायचा नाही, असा दंडक आहे. मुलं धर्माप्रमाणे खोल्यांत पांगतात. अँग्लिकन एकीकडे, कॅथलिक दुसरीकडे, आमच्या पश्चिम सिडनीत मुसलमान आणि हिंदूही वेगळे. ज्यांच्या आईबापांनी ‘काही नको’ म्हटलं, ती मुलं लायब्ररीत वाचत नाहीतर चित्रं रंगवत बसतात. त्यांना तेवढ्यात गणित शिकवलं तर धर्माच्या तासाला गेलेली मागे पडतील, म्हणून त्यांनी थांबायचं. शिकवायला येतात ते त्या त्या धर्मसंस्थांचे स्वयंसेवक. याला सगळे ‘स्क्रिप्चर’ म्हणतात, हिंदूंच्या तासालासुद्धा.

मुलीचं नाव शाळेत घालताना फॉर्मवर धर्माचा रकाना आला. सासूबाई तेव्हा व्हिजिटर व्हिसावर आमच्याकडेच होत्या. त्यांचा हिशेब सरळ. “अगं, फुकट शिकवतायत तर घाल की हिंदूंच्या वर्गात. तुम्हाला कुठं वेळ आहे रामायण सांगायला?” टोमणा खरा होता. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये शिफ्टनं काम करते, नवरा ट्रेननं शहरात जातो. मुलीच्या कानावर राम पडतो तो बहुतेक कार्टूनमधून.

तरी हात अडला. आठ वर्षांच्या मुलीला धर्म असतो का, हा प्रश्न मला त्या रकान्याने पहिल्यांदा विचारला. तिला आजी असते, आजीचा देव असतो, चतुर्थीचे मोदक असतात. पण ‘ही हिंदू’ असं लिहून मी तिला एका खोलीत पाठवते, तेव्हा निर्णय कुणाचा असतो? बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातलं चौदावं कलम विचार, विवेक आणि धर्म यांचं स्वातंत्र्य मुलाचं मानतं. आईबापांना वाट दाखवण्याचा हक्क देतं, तोही मुलाची समज वाढेल तसा. ऑस्ट्रेलियाने करार 1990 मध्ये मान्य केला, भारताने 1992 मध्ये. फॉर्मवर मात्र सही एकट्या पालकाची.

हा अर्धा तास आला कुठून, ते पाहण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या सिडनीत भांडण हिंदू-मुसलमानांचं नव्हतं, ते ख्रिस्त्यांचं आपापसातलं होतं. शाळा चर्चच्या की सरकारच्या? कॅथलिक आर्चबिशप रॉजर व्हॉन यांनी 1879 मध्ये सरकारी शाळांवर इतकं जहाल पत्रक काढलं की विरोधकांना आयतं बळ मिळालं. पुढच्याच वर्षी हेन्री पार्क्सच्या सरकारने कायदा केला, चर्चच्या शाळांचं अनुदान बंद केलं आणि सरकारी शिक्षण निधर्मी ठरवलं. मग पाद्र्यांची समजूत काढायला रोजचा एक तासापर्यंतचा वेळ त्यांना देऊन टाकला. म्हणजे तत्त्वापेक्षा तडजोडच जास्त. आजचा 1990 चा शिक्षण कायदा तीच तडजोड पुढे चालवतो. फरक इतकाच, की 2021 च्या जनगणनेत 38.9 टक्के ऑस्ट्रेलियनांनी ‘धर्म नाही’ असं सांगितलं आणि हिंदू 2.7 टक्के झाले. पार्क्ससाहेबांनी दोघांचाही विचार केला नव्हता.

माझी मावसबहीण मेलबर्नला असते. तिला हा सगळा प्रकार गमतीचा वाटतो. तिच्या व्हिक्टोरिया राज्याने शाळेच्या वेळातला धर्मतास 2016 पासून काढला. ज्यांना हवा त्यांनी जेवणाच्या सुट्टीत किंवा शाळेच्या आधी-नंतर, तोही पालकांच्या संमतीने. सीमा ओलांडली की मुलाचा धर्म डब्याच्या वेळेत जातो!

आम्ही आधी हिंदू वर्गालाच पाठवलं. उगाच नावं ठेवणार नाही. शिकवायला येणाऱ्या बाई प्रेमळ होत्या, पदरचा वेळ काढून यायच्या. मुलगी घरी येऊन सांगायची ते गणपतीचं, दिवाळीचं. पण त्या वर्गात तमिळ मुलं होती, गुजराती होती, फिजीहून आलेल्यांची नातवंडं होती. सगळ्यांना पुरेल असा हिंदू धर्म शिकवायचा म्हणजे प्रत्येकाच्या घरातला देव थोडा थोडा बाहेर ठेवावा लागतो. सासूबाईंचं माहेर पंढरपूरकडचं; त्यांच्या सात पिढ्यांची वारी त्या पुस्तकात एका ओळीतही नव्हती. खंडोबा तर दूरच. फुकट मिळतंय म्हणून खूश झालेल्या सासूबाईंनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, “मग हे कुणाचं शिकवतायत?”

त्याहून मला टोचलं ते मुलीचं एक वाक्य. तिची जवळची मैत्रीण लेबनानी मुसलमान. “तिला त्यांच्या खोलीत काय सांगतात ते ती मला सांगत नाही. मी पण नाही सांगत.” बाकीचा सगळा आठवडा या दोघी एकमेकींच्या डब्यातलं खातात.

मला तेव्हा महात्मा फुले आठवले. त्यांचं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ 1891 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर निघालं. त्यात त्यांनी एक घर कल्पिलं आहे. बाईने बौद्ध धर्माचा ग्रंथ वाचावा आणि पटला तर तो स्वीकारावा, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावं, मुलीने कुराण वाचून मुसलमान आणि मुलाने सत्यधर्मी व्हावं. आणि सगळ्यांनी एकमेकांचा हेवा न करता प्रेमानं एकाच घरात नांदावं. शाळेत असताना हे मला नुसतं चांगुलपणाचं वाटलं होतं. आता फॉर्म हातात धरून वाटतं, फुल्यांनी इथे एक फार अवघड अट घातली आहे. आधी वाचा, मग ठरवा. त्यांच्या घरातली मुलगी ‘आईबापाची’ म्हणून कुठल्या धर्मात नाही, तिने कुराण वाचलं आहे. सिडनीच्या शाळेतला क्रम बरोबर उलटा: आधी ठरलेलं असतं, मग त्याप्रमाणे वाचायचं.

कुणी म्हणेल, त्यापेक्षा आपल्याकडचं बरं. राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमाने पूर्ण सरकारी खर्चाच्या शाळेत धर्मशिक्षणच ठेवलं नाही. मी बार्शीजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, मला विचारा. धर्माचा तास नव्हता, वेगळ्या खोल्या नव्हत्या. दसऱ्याला पाटीपूजन होतं. एकच्या आकड्यांची सरस्वती काढायची, तिला झेंडू वाहायचा. वर्गातला मुसलमान मुलगाही काढायचा आणि त्याची सगळ्यांत रेखीव यायची. त्याला कुणी विचारलं नाही, आणि विचारायला हवं हे आम्हाला सुचण्याचं कारणच नव्हतं. पुढे नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला, शाळेने त्याची वेतनश्रेणी अडवली आणि 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की हात जोडायची सक्ती करता येत नाही. खोली एकच असली म्हणून ती सगळ्यांची असतेच असं नाही. सिडनीत निदान दारावर पाटी असते.

इथे पर्याय एक आहे. 2010 मध्ये सेंट जेम्स एथिक्स सेंटरने दहा शाळांत नीतीच्या तासाचा प्रयोग केला, फिलिप कॅम या तत्त्वज्ञाने त्याचा अभ्यासक्रम लिहिला, आणि त्याच वर्षी कायदा बदलून धर्मतासाला न जाणाऱ्या मुलांना तो हक्क म्हणून मिळाला. खोटं बोलणं कधी चालेल का, प्राण्यांना हक्क असतात का, अशा प्रश्नांवर मुलं बोलतात आणि शिकवणाऱ्याने स्वतःचं मत सांगायचं नसतं. मराठी आईला हे जमणं कठीण! पण आधी धर्मतास नाकारा, मग नीतीचा तास आहे हे तुम्हाला कळवू, अशी त्याची रीत. जणू धर्म घेणाऱ्याला नीतीची गरज नाही. मुलीला आम्ही तिकडे वळवलं. तिला आवडतं. लेबनानी मैत्रीण अजून तिच्या खोलीतच आहे, म्हणजे मला हवं होतं ते झालेलं नाही. एका खोलीऐवजी दुसरी, एवढंच.

गंमत अशी की मला हवं ते कायद्यात आहे. 1990 च्या कायद्याचं तिसावं कलम निधर्मी शिक्षणाची व्याख्या करताना म्हणतं, की त्यात सर्वसाधारण धार्मिक शिक्षण धरायचं, पंथांचे सिद्धांत आणि वादविवाद तेवढे वगळायचे. हे 1880 पासून चालत आलेलं. सगळी मुलं एका खोलीत, नेहमीचे शिक्षक, आणि बुद्ध, येशू, पैगंबर, बसवण्णा, तुकाराम असे ओळीनं, असं कुणी केलं तर कायदा आडवा येत नाही. ज्याला नको त्या पालकाला तिथूनही मूल काढून घेता येतं, ती सोय तेहेतिसाव्या कलमात आहे. धर्मसंस्थांना दिलेल्या अर्ध्या तासाचं वेळापत्रक दरवर्षी काटेकोर लागतं; या दुसऱ्या शिक्षणाला वार्षिक नियोजनात कोपऱ्यातली जागा मिळते.

आमच्या पालकसभेत मी हे मांडलं. मुख्याध्यापकांचा प्रश्न रास्त होता: शिकवणार कोण? धर्माविषयी बोलायचं, पण कुणाच्या बाजूने नाही, असं प्रशिक्षण किती शिक्षकांना आहे? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शेजारच्या खुर्चीतल्या मराठी बाबांनी मात्र हळूच दुसरा प्रश्न काढला. आयटीतले, सज्जन माणूस, दर गणेशोत्सवाला मंडपात राबणारे.

“ताई, सगळ्यांसमोर हिंदू धर्म शिकवणार म्हणजे जात पण आली त्यात. गोऱ्या बाईनं आपल्या पोरांसमोर जात समजावून सांगितलेली चालेल तुम्हाला?”

“चालेल,” म्हटलं. “आपण घरी सांगतो का?”

ते म्हणाले, घरी सांगायचं काही कारणच नाही, इथे जात कुठे आहे. मी त्यांना गेल्या गणेशोत्सवात आडनाव विचारून कोण कुणाला काय म्हणालं त्याची आठवण करून दिली. त्यावर आमची पार्किंगमध्येही बराच वेळ जुंपली. पुढच्या टर्मच्या सभेत ते विरोधात मत देणार आहेत, आणि मी फुल्यांचं ते पान इंग्रजीत करून आणणार आहे.