खोटी बंदूक, खरी नळी

खालापूर तालुक्यात चौकजवळ नितीन देसाईंनी 2005 मध्ये एन.डी. स्टुडिओ उभा केला आणि कर्जत-खालापूरचा पट्टा चित्रीकरणाच्या नकाशावर आला. सेटवरचा किल्ला प्लायवूडचा असतो, खांब फायबरचे असतात. बंदुकीचे मात्र तसे सरसकट सांगता येत नाही. फायबरमध्ये ओतलेली डमी वेगळी आणि बाद हत्याराची नळी, घोडा, चाप बसवून जुळवलेली वेगळी. कॅमेऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. कायद्याने मात्र त्यांना एका मापाने मोजू नये. माझ्या मते दुसरी ही बंदूकच आहे; तिला परवाना हवा, नोंद हवी आणि तिच्यासाठी जबाबदार माणूसही हवा.

1959 च्या शस्त्र कायद्याचा कल याच बाजूचा आहे. कलम 2 मधील व्याख्येत शस्त्रांचे भागही शस्त्रांतच धरले आहेत. जी वस्तू खेळण्यापलीकडे कामाची नाही आणि जिचे चालू हत्यार करता येत नाही, तिला सूट आहे. नकली बंदुकीचे विनापरवाना खऱ्या बंदुकीत रूपांतर करणे कलम 6 ने आधीच वर्ज्य केले आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पण हे कलम लागू होते ते रूपांतर केल्यावर. आधीचा प्रश्न राहतोच: ‘भाग’ म्हणजे नेमके काय? लाकडी दस्ता कोणताही सुतार घडवील. स्क्रू बाजारात मिळतो. त्यांच्यासाठी कुणाला आरोपी करणे अन्यायाचे होईल. स्फोटाचा दाब सोसणारी नळी, काडतुसाची कोठी, बोल्ट यांची गोष्ट निराळी. गावठी कट्टा बनवणाऱ्याला अडते ते इथेच, आणि नळी बुजवली म्हणून धोका संपत नाही; बुजवलेले मोकळे करता येते.

‘प्रतिकृती’ या शब्दावर विसंबणे किती महागात पडते, ते 21 ऑक्टोबर 2021 रोजी न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’ चित्रपटाच्या सेटवर दिसले. ज्या रिव्हॉल्व्हरच्या गोळीने छायाचित्रणकार हलिना हचिन्स गेल्या, ते जुन्या कोल्टच्या धर्तीवर इटलीत बनवलेले होते. दिसायला जुन्याची नक्कल, पण खरी गोळी झाडणारे. त्याआधी 1993 मध्ये अभिनेता ब्रँडन ली चित्रीकरणात गेला, तो नळीत अडकून राहिलेल्या डमी काडतुसाच्या टोकामुळे. मागून ब्लँक उडताच ते टोक गोळीसारखे सुटले. दोन्ही ठिकाणी सेटवर सगळ्यांच्या लेखी तो अभिनयच होता.

मग बंदुकीसारखे दिसणारे सारेच परवान्याखाली आणावे काय? 30 ऑक्टोबर 2025 रोजी पवईत 17 मुलांना ओलीस धरणाऱ्याकडे एअर गन होती, असे पोलिसांनी सांगितले. तो पोलिसांच्या गोळीने मेला. समोरच्या हातात काय आहे हे ओळखायला अशा वेळी सवड नसते, हे मला मान्य आहे. तरीही धाक दाखवणे हा त्या माणसाचा गुन्हा आहे, शिक्षा त्याची व्हावी. ब्रिटनने 1982 मध्ये सहज रूपांतर होणाऱ्या नकली बंदुकांना खऱ्यांचाच कायदा लावला. 2006 मध्ये हुबेहूब दिसणाऱ्यांच्या विक्रीवरही बंदी आणली आणि नाटक-सिनेमाला वगळले. यातले पहिले पाऊल आपण उचलावे, दुसऱ्याची घाई नको. गावच्या नाटकातली लाकडी बंदूक आणि स्नेहसंमेलनातली तोड्याची बंदूक पोलीस ठाण्यात न्यावी लागली, तर खऱ्या धोक्याकडे पाहायला ठाण्यातल्या माणसांना वेळ उरणार नाही. शिवाय 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर हुतात्मा झालेले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पडद्यावर आणायचे, तर त्यांच्या आझाद दस्ता या क्रांतिकारी दलाच्या हाती नारिंगी टोकाची खेळणी देता येणार नाहीत.

छोट्या निर्मात्यांना परवान्याचा खर्च आणि खेटे जड जातील, ही तक्रार खरी आहे. पण त्यांच्यासाठी फायबर आणि रबर मोकळे आहेच. खरी नळी हवी असेल, तर तिच्यावर क्रमांक असावा, पॅकअपनंतर ती कुणाच्या कुलपात गेली हे वहीत लिहिलेले असावे आणि ती वही खालापूर किंवा कर्जत पोलिसांना कधीही पाहता यावी. केंद्राने कलम 2 मध्येच दाब सोसणाऱ्या भागांची नावे घालावीत आणि राज्याच्या गृहखात्याने सेटवरच्या हत्यारांची तपासणी एखाद्या अपघाताची वाट न पाहता आजच सुरू करावी.