विद्यादान आणि दात्याचा हक्क

दिल्याने घटत नाही म्हणून विद्यादान श्रेष्ठ मानले गेले. परंतु ते निष्काम, म्हणजे फळावर हक्क न सांगणारे, केव्हा ठरते, हा प्रश्न स्वयंसेवक मुलींच्या शाळेत ऑनलाइन शिक्षण नेतात तेव्हा टोकदार होतो. त्याची कसोटी एका संताच्या वागण्यात सापडते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी 1876 मध्ये जन्मलेले आणि अकोल्याच्या मूर्तिजापूर तालुक्यात मामाकडे वाढलेले गाडगेबाबा खराट्याने गाव झाडत, कीर्तनात प्रश्न विचारून उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढत, आणि कोणालाही स्वतःचा शिष्य म्हणवू देत नसत. हक्क न सांगण्याच्या या कसोटीवर, मेळघाटातल्या आश्रमशाळेत टॅबलेट वाटून पासवर्ड स्वतःजवळच ठेवणारे दान, उपकरण कितीही महाग असो (आणि फोटो कितीही चांगले येवोत), सकामच ठरते. बाबांनी धर्मशाळा उभारल्या, पण त्यांचा कारभार विश्वस्तांकडे सोपवला.