खाली बसून वाचायचे दगड

बसा. पाठीला पिंपळाचा पार आहे असं समजा. डोळे मिटले तरी चालेल, पण थोडे किलकिले ठेवलेत तर बरं, रस्ता दिसत राहील. साक्रीहून पिंपळनेरला येणारा आणि पुढे शेलबारी ओलांडून ताहराबादकडे, बागलाणात उतरणारा हा रस्ता. एक एसटी जाऊ द्या. तिच्यामागचा कांद्याचा ट्रॅक्टरही जाऊ द्या. धूळ खाली बसेपर्यंत काहीही करायचं नाही.

आता गावाच्या पाटीकडे बघा. नाव सावकाश म्हणा: पिंपळ. नेर. पहिल्या अक्षराला ओठ मिटतात, शेवटच्याला तोंड उघडं राहतं. ‘नेर’ म्हणजे नगर. नगरचं नयर झालं, नयरचं नेर. अमळनेर, जामनेर आणि इथल्या पांझरा नदीच्याच काठचं नुसतं नेर, ही सगळी त्याच घरातली. वाहत्या पाण्यात गोटा झिजावा तसा शब्द बोलून बोलून झिजला आणि हातात मावेल एवढा उरला. या रस्त्यावरचा सर्वांत जुना लेख कुठला, असं मला कुणी विचारलं तर मी या पाटीकडेच बोट दाखवीन. पत्रा नवा आहे, रंग सरकारी आहे, पण मजकूर कित्येक शतकांचा. एकोणिसाव्या शतकात हा अख्खा तालुका पिंपळनेरच्या नावाने ओळखला जाई. पुढे कचेरी साक्रीला गेली, मग नावही गेलं. पश्चिम खानदेश हे जिल्ह्याचं नावही त्याच वाटेने गेलं. पाटीवर यातलं काही नाही. नसू द्या.

नजर थोडी खाली आणा. कडेला किलोमीटरचा दगड आहे. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्यमार्ग. मैल जाऊन साठेक वर्षं झाली, तरी आपण त्याला मैलाचा दगडच म्हणतो. गंमत वाटली तर हसा, आणि पुढे चला. या दगडाला फक्त अंतर सांगायचं असतं, त्याच्यापाशी फार वेळ घालवायचं कारण नाही.

खरं थांबायचं ते पुढच्या दगडापाशी.

गुडघ्याएवढा असेल, कदाचित कमरेएवढा. मारुतीच्या देवळामागे, कुंपणाच्या कडेला किंवा झाडाच्या बुंध्याला टेकवलेला. उभ्याने पाहिलात तर नुसता शेंदूर दिसेल. म्हणून खाली बसा. हा दगड म्हणजे वीरगळ, आणि ती खालून वर वाचायची असते. सर्वांत खालच्या चौकटीत माणूस पडलेला असतो, बहुतेकदा आडवा, आणि त्याच्या अंगावरून लढाई चाललेली. कधी शेजारी गुरं कोरलेली असतात. म्हणजे तो गावाचं गोधन वाचवताना गेला. बोट न लावता वर सरका. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्हीकडून धरून नेताहेत. त्याहून वर तो शिवपिंडीसमोर हात जोडून बसला आहे. अगदी वर चंद्र आणि सूर्य, ते आहेत तोवर याची आठवण राहो म्हणून. नाव बहुतेक वेळा नसतंच.

इथे थोडं थांबा. ज्याने हा दगड बसवला त्याला नाव ठाऊक होतं. गावालाही ठाऊक होतं. इतकं ठाऊक होतं की ते कोरायची गरज कुणाला भासली नाही.

शेजारी सतीशिळा असेल तर तीही बघा. खांबातून निघालेला, कोपरात वाकलेला हात, उघडा तळवा आणि मनगटात बांगड्या. बांगड्या मोजा. हे पाहताना मन शांत होत नसेल तर करू नका. तो हात वंदन करून पुढे जाण्यासारखा नाही, असं माझं मत आहे.

आता कुणीतरी शेताकडे निघालेला माणूस दिसेल. त्याला विचारा, ‘हाऊ दगड कोना शे, भाऊ?’ तो म्हणेल, ‘आम्हना देव शे.’ त्याला दुरुस्त करू नका. त्याच्या घरच्यांनी शेंदूर लावला नसता तर हा दगड केव्हाच पायरीत किंवा पुलाच्या पायात गेला असता.

पिंपळनेरच्या पश्चिमेला कोकणा, मावची, भिल्ल वस्त्या लागतात. तिथे शिवेवर वाघदेव उभा असतो, लाकडाचा नाहीतर दगडाचा. वाघ, नाग, चंद्र, सूर्य. अश्विनात वाघबारशीला गुराखी त्याला पुजतात. तो कोणत्या साली बसवला हे विचारण्यात अर्थ नाही. तो दरवर्षी नव्याने बसतो.

लेखी खुणाही आहेत. पिंपळनेरहून बरंच पूर्वेला, चिमठाण्याजवळ 14 एप्रिल 1944 रोजी साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. तिथे स्मारक आहे. 2023 च्या ऑगस्टमध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ म्हणून गावोगाव शिलाफलक बसले, ग्रामपंचायतीसमोर, शाळेजवळ, तळ्याकाठी. त्यांवर नावं आहेत, अक्षरं सरळ आहेत. तिकडे अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने 1927 मध्ये मोटारीतून जाणाऱ्यांसाठी रस्त्याकडेला इतिहासाच्या पाट्या लावायला सुरुवात केली. गाडी हळू करायची, वाचायचं आणि निघायचं. आपली वीरगळ त्या कामाची नाही. ती माणसाला खाली बसवते.

इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर दप्तरांसाठी गावोगाव फिरले आणि 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात गेले. कागद त्यांनी पोत्यांनी जमवले. दगड मात्र कुणी पोत्यात घालून नेत नाही, जागा सुटली की त्याचं निम्मं बोलणं संपतं. तोंड कुठे होतं? पांझरेकडे की शिवेकडे? समोर वाट होती का?

पांझरेचा आवाज येतोय का बघा. लाटीपाड्याच्या धरणाखाली उन्हाळ्यात तो फारसा नसतो. याच नदीवर पिढ्यान्‌पिढ्या दगडी बंधारे आहेत. त्यांतून पाट निघतात आणि पाटाखालची शेतं फडांत वाटलेली असतात. एका फडात एकच पीक, पाणी पाळीने, आणि पाळी बघायला पाटकरी. शेकडो वर्षं हे चाललं, आता बरंचसं मोडलं. त्याला ना फलक, ना शेंदूर. बंधाऱ्याच्या सांडव्यावरून पाणी पडतं तेवढीच खूण.

एक मोठा श्वास घ्या. आता उठा, गुडघे झटका.

एक काम मात्र घरी नेऊ नका, इथेच करा. रस्ते रुंद होताहेत आणि पोकलेनवाल्याला दगड आणि देव यांतला फरक कुणी सांगून ठेवलेला नसतो. तुमच्या गावाच्या शिवेवर असा दगड असेल तर तो घासू नका, धुऊ नका, ऑइलपेंट तर लावूच नका. त्याचा एक फोटो काढा आणि मागे तीन गोष्टी लिहा: कुठल्या झाडाखाली होता, तोंड कुठल्या दिशेला होतं, आणि गावातली म्हातारी माणसं त्याला काय म्हणतात. तो कागद ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या.