फळ्यावरचा आकडा

ज्या खोट्याने कोणाचेच काही बिघडत नाही, ते खोटे कितपत वाईट? हा प्रश्न शब्बाथ शाळेच्या वर्गात आम्ही मुलांना पुष्कळदा घातला आहे आणि त्याचे ठरावीक उत्तरही दिले आहे. परंतु वयाच्या बासष्टाव्या वर्षी तोच प्रश्न उलटून आमच्याकडे आला आणि ते ठरावीक उत्तर आम्हांला पुरेना. ही हकिकत थोडी लाजिरवाणी आहे, तरी सांगतो.

गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी आम्हांला दोन गोष्टी सांगितल्या. रक्तातील साखर वाढू लागली आहे ही एक, आणि जमिनीवर बसल्यावर हाताचा टेकू घेतल्याशिवाय आम्हांला उठता येत नाही ही दुसरी. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा हलकी समजू नका, असेही त्यांनी बजावले. सकाळी फिरायला आम्ही जातच होतो. पण मांड्यांची व पाठीची ताकद नुसत्या चालण्याने टिकत नाही. तेव्हा आमची सूनबाई ज्या व्यायामशाळेत जाते, तेथेच आम्ही नाव घातले.

बडोद्यात वाढलेल्या माणसाला व्यायामशाळेचे नवल नाही. प्रो. माणिकरावांनी आपले उस्ताद जुम्मादादा यांचे नाव देऊन चालवलेले व्यायाममंदिर याच शहरातले. हिंदू शिष्याने मुसलमान गुरूचे नाव दारावर लावले, ही गोष्ट आमचे वडील आम्हांला अभिमानाने सांगत. लहानपणी आम्हीही एका आखाड्यात जोर-बैठका काढल्या व मल्लखांबावरून पडलो. तेथे वस्ताद मोठ्याने अंक मोजत, आणि सगळी रांग एका अंकाला खाली जाई व दुसऱ्याला वर येई. आपली मोजणी आपण करण्याचा प्रश्नच नव्हता. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे, कारण पुढचा सगळा घोटाळा मोजणीचाच आहे.

नव्या व्यायामशाळेतील पद्धतीला क्रॉसफिट म्हणतात. ग्रेग ग्लासमन हे जिम्नॅस्टिक्सचे शिक्षक व लॉरेन जेनाई या दोघांनी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे २००० साली या नावाने ती सुरू केली आणि पुढे ती देशोदेशी पसरली. धावणे, वजन उचलणे, स्वतःच्या अंगाचा भार पेलणे असे व्यायाम रोज निराळ्या जुळणीने, थोड्या वेळात, पण दमछाक होईल इतक्या जोराने, कोचच्या देखरेखीखाली सर्वांनी मिळून करायचे, असा त्यांचा क्रम असतो. आमची जागा गोदामासारखी आहे. आरसे नाहीत, पट्ट्यावर धावायची यंत्रे नाहीत. खाली रबराच्या जाड चटया, वरून लोंबणाऱ्या कड्या, लोखंडी दांडे व चकत्या, आणि एका भिंतीवर पांढरा फळा. त्या फळ्यावर दिवसाचा व्यायाम लिहितात आणि तास संपला की प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा आकडा.

पहिले दोन आठवडे आम्हांला लोखंडाला हात लावू दिला नाही. नळाच्या कामाला वापरतात तसा प्लास्टिकचा पाइप हातात दिला. आमच्या धाकट्या मुलाच्या वयाचा कोच, "काका, कंबर आधी मागे, मग गुडघे," असे म्हणत आम्हांला एका लाकडी पेटीवर बसायला आणि पुन्हा उठायला शिकवू लागला. शेजारी कॉलेजातल्या मुली चाळीस-चाळीस किलो उचलत असताना आपण पाइप घेऊन पेटीवर बसत-उठत आहोत, हे दृश्य आमच्या मनाला फार लागले. आखाड्यात घालवलेल्या दोन वर्षांचा उल्लेख आम्ही त्या पंधरवड्यात किती जणांपाशी केला, ते आठवले की आता हसू येते.

पण तेथे एक रीत पाहिली आणि तिने आम्हांला विचारात पाडले. फळ्यावरचा व्यायाम सर्वांना एकच असतो. वजन व मेहनत मात्र ज्याच्या त्याच्या बेताने कमी करून देतात. ज्याला दांड्याला लोंबकळून वर चढता येत नाही तो कड्या धरून तिरपा उभा राहतो आणि अंग ओढून घेतो. ज्याला जमिनीवर जोर काढता येत नाहीत तो पेटीवर हात ठेवून काढतो. घड्याळ मात्र सर्वांचे एकच, आणि शेवटी धापाही सर्वांना सारख्याच लागतात. आम्ही पस्तीस वर्षे शाळेत सगळ्या वर्गाला एकच प्रश्नपत्रिका वाटली आणि तिलाच समानता म्हटले. सर्वांवर सारखे ओझे घालणे न्यायाचे, की प्रत्येकाला सारखाच कस लागेल असे ओझे वाटून देणे न्यायाचे, हा प्रश्न नोकरीत असताना आम्हांला पडायला हवा होता.

तथापि ही रीत एका गोष्टीवर उभी आहे. प्रत्येकाने आपला खरा बेत सांगितला पाहिजे.

या पद्धतीत काही ठरीव व्यायामांना बायकांची नावे आहेत. त्यांतली एक सिंडी. वीस मिनिटांत होतील तितक्या फेऱ्या करायच्या. एका फेरीत लोंबकळून वर चढणे ५ वेळा, जोर १० आणि बैठका १५. आमच्यासाठी अर्थातच कड्या, पेटीवरचे जोर आणि पेटीवर बसणे-उठणे. फेरी संपली की खडूने चटईवर एक रेघ ओढायची, म्हणजे दमलेल्या माणसाची गणती चुकत नाही. वीस मिनिटे संपल्याची घंटा झाली तेव्हा आमच्या पायाशी सात रेघा होत्या. कोच फळ्यापाशी उभा राहून एकेकाला विचारू लागला. आमच्या आधी, आमच्याच वयाच्या एका निवृत्त परिचारिकाबाईंनी "आठ" असे सांगितले. मग आमचे नाव पुकारले आणि आमच्या तोंडून "नऊ" गेले. "शाबास काका," असे म्हणून त्याने नऊ लिहिले. आम्ही पाणी प्यायच्या निमित्ताने वळलो आणि बुटाने त्या रेघा पुसून टाकल्या.

या खोट्यात मिळवायचे काय होते? बक्षीस नव्हते, नंबर नव्हता. फळा तर रात्री पुसलाच जातो. त्या बाईंना आम्ही धड ओळखतही नव्हतो. तरी आपण त्यांच्या मागे पडलो हे दहा माणसांसमोर आपल्या तोंडाने म्हणणे आम्हांला जमले नाही. घरी जाताना आम्ही मनाची समजूत घातली, की यात कोणाचे काय बिघडले?

बिघडले ते पुढच्या आठवड्यात कळले. फळा पुसला गेला तरी आकडा कोचच्या वहीत उतरला होता. नऊ फेऱ्या पाहून त्याने साहजिकच हिशेब केला की, काकांना आता ठेंगणी पेटी चालेल आणि फेऱ्याही वाढवता येतील. आम्ही काय बोलणार? निमूटपणे ठेंगण्या पेटीवर बसलो. त्यानंतर दोन दिवस तिसऱ्या मजल्यावरून कठडा धरून, उलट्या पावलांनी उतरावे लागले. सूनबाई काळजीने विचारी आणि आम्ही हवेतल्या गारठ्याला दोष देत असू. म्हणजे पहिल्या खोट्याला दुसरे येऊन मिळाले.

हे एवढ्यावर निभावले हे आमचे नशीब. नवख्या माणसाने, विशेषतः पूर्वी कधीकाळी व्यायाम केलेल्या नवख्याने, अंगाला सवय होण्याआधी एकदम फार केले तर क्वचित ऱ्हॅब्डोमायोलिसिस नावाचा विकार होतो. त्यात स्नायूंचे तंतू मोडून त्यांतली द्रव्ये रक्तात उतरतात व मूत्रपिंडांना इजा पोहोचवतात. लघवी काळपट तपकिरी झाली तर ते दुखणे घरी अंगावर काढण्याचे नसते. तडक इस्पितळ गाठावे लागते. ग्लासमन यांनी स्वतःच २००५ साली आपल्या नियतकालिकात या धोक्याविषयी लिहिले होते. हे वाचल्यावर आम्हांला उमगले की, फळ्यावरचा आकडा म्हणजे शाळेतले गुण नव्हेत. पुढचे ओझे किती द्यावे हे ज्याला ठरवायचे आहे त्याला दिलेली ती खबर आहे. ती खोटी दिली तर त्याचा उत्तम हेतूही आपल्याला अपायच करील. दुखणे लपवून डॉक्टरांकडून औषध घेण्यासारखेच ते झाले.

मग एके दिवशी आम्ही निराळेच काही पाहिले. त्या दिवशी वेळ ठरलेला नव्हता, काम ठरलेले होते. ज्याने त्याने ते संपवून थांबायचे. एकेक जण संपवून बसला, आम्हीही संपवले, आणि शेवटी त्या परिचारिकाबाई एकट्याच उरल्या. त्यांच्या वीस बैठका राहिल्या होत्या. आम्हांला वाटले, आता सर्वांनी नजर दुसरीकडे वळवावी हेच सभ्यपणाचे. पण ती तरुण मंडळी उठून त्यांच्याभोवती उभी राहिली आणि मोठ्याने मोजू लागली. एक, दोन, तीन. बाई मध्ये थांबल्या तर मोजणीही थांबे. त्या बसल्या की पुन्हा चालू होई. विसावा अंक झाल्यावर सर्वांनी टाळ्या वाजवल्या. नंतर आम्ही त्यांना हळूच विचारले, "सगळे असे पाहत असताना तुम्हांला अवघड नाही वाटलं?" त्या म्हणाल्या, "वाटलं की. पण एकटी असते तर मी पंधरालाच वीस म्हटलं असतं."

त्यांच्या या उत्तराने आम्हांला आमचा नऊचा आकडा आठवला. खरेपणा हा ज्याचा त्याने एकट्याने सांभाळायचा गुण आहे, असे आम्ही आजवर समजत व शिकवत आलो. तो तसा आहेच. आमच्या खोट्याचा दोष आमच्याशिवाय कोणाचाही नाही. परंतु दुबळ्याला खरे बोलायला किती मोल पडावे हे पुष्कळ अंशी भोवतालची माणसे ठरवतात. कमी आकडा सांगणाऱ्याकडे पाहून जेथे भुवया चढतात तेथे खरे महाग होते. जेथे त्याच्याजवळ उभे राहून मोजतात तेथे ते स्वस्त होते. आमच्या व्यायामशाळेत ते स्वस्तच होते. आम्हांला महाग वाटले, कारण शिक्षकाच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांना आकडे देण्याची आमची सवय जुनी होती.

कोणी म्हणेल, फळाच काढून टाका, म्हणजे चढाओढ नाही आणि खोटेही नाही. आम्ही याचा विचार केला. फळ्याने मोह होतो हे खरे. पण फळा नसता तर त्या बाईंच्या वीस बैठका राहिल्या आहेत हेही कोणाला कळले नसते. ज्या ठिकाणी कोणाचाच आकडा कोणाला ठाऊक नसतो, तेथे लाज नसते, पण मदतही नसते.

हार्वर्डच्या धर्मज्ञान विद्यालयातील अँजी थर्स्टन व कॅस्पर टर काईल या दोघांनी २०१५ साली 'हाऊ वी गॅदर' नावाचा अहवाल लिहिला. अमेरिकेतील तरुण मंडळी उपासनेला जाईनाशी झाली आहेत, तर ती एकत्र येतात तरी कोठे, हे त्यांनी पाहिले, आणि जी ठिकाणे नोंदवली त्यांत क्रॉसफिटही होते. व्यायामशाळा मंडळीची जागा घेऊ शकत नाही. आमचीच फी अशी आहे की मोलमजुरी करणारा माणूस तेथे पाऊल टाकू शकणार नाही. उपासनामंदिराच्या दारात कोणी फी मागत नाही. पण त्या दारात आम्ही एकमेकांना "कसं काय?" असे विचारतो आणि "देवाची कृपा, सर्व ठीक" असे ऐकून पुढे जातो. ज्याच्या घरी मुलाची नोकरी गेली आहे तोही हेच म्हणतो. आमच्यासमोर खरा आकडा सांगायला त्याला किती मोल पडेल, याचा आम्ही कधी विचार केला आहे का?

आमच्यापुरते सांगायचे तर एका सकाळी लवकर जाऊन आम्ही कोचला खरे सांगितले. आम्हांला वाटले होते की तो नाराज होईल, किंवा "जाऊ द्या हो काका" म्हणून हसण्यावारी नेईल. त्याने दोन्ही केले नाही. वही काढली, नऊवर काट मारून सात लिहिले आणि म्हणाला, "मग आज उंच पेटी घ्या."

गेल्या महिन्यात सिंडी पुन्हा आली. गुडघा थोडा दुखत होता. घंटा झाली तेव्हा चटईवर सहा रेघा होत्या; त्या दोनदा मोजल्या, पण वाढल्या नाहीत. नाव पुकारल्यावर "सहा" म्हणायला आम्हांला अजूनही क्षणभर लागला. मग म्हटले. त्याने लिहिले आणि पुढच्याचे नाव पुकारले.