काटकसरीचा खर्च कोण देतो?

काटकसर हा आपल्या घराण्यांचा जणू कुलाचारच आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या मुलखात पिढ्यानपिढ्या स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी शेतीवाडी, नोकरी आणि लहानसहान व्यापार यांच्या बळावर जे काही उभे केले, ते उधळपट्टी करून नव्हे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आमच्या पिढीने पुस्तकात वाचण्याआधी घरात ऐकले होते. त्यामुळे काटकसर हा सद्गुण आहे काय, असे कोणी विचारले तर विचारणाऱ्याकडेच संशयाने पाहिले जाईल. तरीही हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, असे आम्हांस वाटते. वाचवलेला पैसा खरोखरच वाचलेला असतो काय? की आपण वाचवतो तेव्हा आपल्या नकळत दुसराच कोणीतरी तो भरत असतो?

राज्य शासनाच्या सेवेत उमेदीची वर्षे गेल्यामुळे हिशेबाची दोन सूत्रे आमच्या अंगवळणी पडली आहेत. पहिले सूत्र असे की, सुज्ञ मनुष्य स्वतःचा पैसा जितक्या दक्षतेने खर्च करतो, तितकीच दक्षता सरकारी पैसा खर्च करताना बाळगावी. दुसरे असे की, दौऱ्यावर असताना निवास व भोजन विनामूल्य मिळाले असेल, तर दैनिक भत्ता पुरा घेता येत नाही, तो घटवून घ्यावा लागतो. नियम रुक्ष आहे. परंतु त्याच्या पोटात एक नीतितत्त्व दडलेले आहे. जे फुकट मिळाले, त्याचीही नोंद कोठेतरी व्हावयास हवी. निवृत्तीनंतर प्रवासभत्त्याची देयके सुटली, हे तत्त्व मात्र सुटले नाही.

या विचारास निमित्त झाले ते एका सहलीचे. १९९८ साली स्थापन झालेले विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आमच्या मच्छे परिसरातच ‘ज्ञानसंगम’ या आवारात वसले आहे. या भागातून अभियंता झालेली पुष्कळ मुले परदेशी गेली, आणि त्यांच्यामागून आईवडिलांचेही तिकडे जाणे-येणे सुरू झाले. आज आपल्यापैकी बहुतेक घरांत अमेरिकेस चार-सहा महिने राहून आलेले कोणी ना कोणी आहे. आमचा मुक्काम ओहायो राज्यातील कोलंबस येथे चिरंजिवांकडे असताना शनिवार-रविवार जोडून पिट्सबर्ग शहर पाहून यावे, असे ठरले. अंतर सुमारे तीनशे किलोमीटर, म्हणजे बेळगावहून पुण्यास जाण्यापेक्षा थोडे कमीच. तीन लाखांच्या आसपास वस्तीचे, तीन नद्यांच्या संगमावरचे, एके काळी पोलादासाठी जगभर गाजलेले ते मध्यम आकाराचे शहर. शहराजवळ पेन हिल्स येथे तिरुपतीच्या धर्तीवर बांधलेले श्री व्यंकटेश्वराचे मंदिर आहे. अमेरिकेतील आरंभीच्या हिंदू मंदिरांत त्याची गणना होते, आणि दूरदूरच्या गावांतील भारतीय कुटुंबे सुट्टीच्या दिवशी तेथे येतात.

घरात एकूण सहा माणसे: आम्ही उभयता, मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडे. डॉलरचा प्रत्येक आकडा मनातल्या मनात रुपयांत करून पाहण्याची खोड आमच्या पिढीस जडलेली असल्याने खर्चाचा आराखडा करण्याचे काम साहजिकच आमच्याकडे आले. इंधन, मुक्काम, जेवणखाण, वाहनतळ आणि प्रवेशशुल्क असे पाच रकाने आखले. शुक्रवारी रात्री न निघता शनिवारी पहाटे निघावे, म्हणजे एका रात्रीचे भाडे वाचते. दुपारची शिदोरी बरोबर न्यावी. मुक्काम शहराच्या मध्यभागी न करता बाहेरच्या साध्या लॉजमध्ये करावा. पायी हिंडावे, आठवणीच्या वस्तू विकत घेऊ नयेत. ही काटकसर निर्मळ होती, कारण तिची किंमत आमची आम्हीच मोजणार होतो. झोप आमची मोडणार होती, पाय आमचे दुखणार होते. सौंदत्तीच्या रेणुकेच्या यात्रेस आपल्याकडील कुटुंबे शिधा-सरपण गाडीत भरून जात आणि तेथेच चुली मांडीत, तीच ही रीत.

पण स्नेह्यासोबत्यांकडून सूचना येऊ लागल्या, तशी ही निर्मळता गढूळ होऊ लागली. एकाने सुचवले की, चौघांची खोली घ्यावी आणि सहाजणांनी तीत राहावे. मुले लहान आहेत, कोण मोजतो? दुसऱ्याने सांगितले की, जेथे वाढपी येऊन वाढतो अशा ठिकाणी जेवलात तरी बक्षिसी ठेवण्याची सक्ती नसते, पर्यटकांना कोणी ओळखत नाही. तिसऱ्याची सूचना सर्वांत सोज्वळ वाटणारी होती. पिट्सबर्गमध्ये बेळगावकडचे एक परिचित कुटुंब आहे, त्यांच्याकडेच उतरावे, म्हणजे मुक्कामाचा रकाना कोराच राहील.

पहिल्या सूचनेचा निकाल लावणे सोपे होते. खोटी संख्या सांगून वाचवलेला पैसा काटकसरीत नव्हे, अपहारातच मोडतो. नातवंडांसमक्ष खोटी संख्या सांगायची, म्हणजे चार पैशांसाठी त्यांना तोच धडा द्यायचा. दुसऱ्या सूचनेसाठी थोडी माहिती करून घ्यावी लागली. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, ते २००९ पासून. परंतु बक्षिसी मिळवणाऱ्या नोकरास मालकाने रोख द्यावयाची किमान मजुरी तासाला अवघी २.१३ डॉलर आहे, आणि ती १९९१ पासून तशीच आहे. काही राज्यांनी हे आकडे वाढवले आहेत. बक्षिसी धरूनही किमान वेतन भरत नसेल, तर फरक मालकाने द्यावा, अशी तरतूद आहे. तथापि एकंदर रचना अशी की, वाढप्याच्या पगाराचा मोठा भाग गिऱ्हाइकाच्या हाती सोपवलेला आहे. आपल्याकडे बक्षिसी ही मेहेरबानी असते, तेथे ती जवळजवळ मजुरीच आहे. ही पद्धत न्याय्य आहे की नाही, यावर वाद घालता येईल. पण वाद घालावयाचा तो पद्धतीशी. तिच्या निषेधाची किंमत ताट उचलणाऱ्या मुलीकडून वसूल करणे हे नीतीत बसत नाही. बक्षिसी परवडत नसेल, तर तेथे बसून जेवणेच परवडत नाही, असे समजावे.

खरा पेच होता तो तिसऱ्या सूचनेचा. अतिथीस देव मानणारी आपली परंपरा. आपल्या माणसाच्या गावी जाऊन लॉजवर उतरणे हा आपल्याकडे त्या माणसाचा अपमान समजला जातो. बेळगावास बाजारासाठी, कोर्टकचेरीसाठी, दवाखान्यासाठी येणारी खेड्यातील माणसे नातलगांकडेच उतरत, आणि आणखी दोन भाकऱ्या थापल्या जात. या आतिथ्याचे आपण कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण त्या दोन भाकऱ्या कोण थापीत होते? ओसरीवर गप्पा रंगत, यजमानाच्या दिलदारपणाची वाहवा होई, आणि आतल्या घरात चुलीपुढे बसलेल्या माउलीचा हिशेब कोणत्याच वहीत लिहिला जात नसे. ‘या, बसा’ म्हणणारा एक आणि त्याची किंमत देणारी दुसरीच, अशी ही विभागणी होती.

अमेरिकेत तर हा हिशेब अधिकच उघडा पडतो. पती-पत्नी दोघेही आठवड्याचे पाच दिवस कामावर. घरी धुणेभांड्यास बाई नसते. आठवड्याचे कपडे, वाणसामान, घराची झाडलोट, मुलांचे वर्ग, सारे शनिवार-रविवारीच उरकायचे. अशा घरी सहा माणसे शनिवारी येऊन उतरली, तर त्यांच्या लॉजचे भाडे वाचते खरे; पण ते भाडे त्या गृहिणीने आपल्या आठवड्यातील दोनच मोकळ्या दिवसांतून भरलेले असते. ती तसे कधीच म्हणणार नाही. ती म्हणत नाही, म्हणूनच पाहुण्याने ते ओळखावयास हवे. सरकारी पैशाबाबतचे सूत्र येथे थोडे फिरवून लावता येईल. दुसऱ्याचा वेळ आणि श्रम आपण तितक्याच दक्षतेने खर्चावेत, जितक्या दक्षतेने आपण आपला पैसा खर्चतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. असा हिशेब करू लागलो, तर माणुसकीच आटून जाईल. प्रेमाची खतावणी मांडायची नसते. या आक्षेपाचे बळ आम्हांस मान्य आहे. पिट्सबर्ग ज्या पेनसिल्व्हेनिया राज्यात आहे, त्याच राज्यातील फिलाडेल्फिया शहरी आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली वैद्यकाची पदवी मिळवली. १८८३ साली त्या अमेरिकेस पोहोचल्या, तेव्हा न्यू जर्सीतील कार्पेंटर कुटुंबाने त्यांना मुलीप्रमाणे आपल्या घरी ठेवून घेतले. १८८७ साली त्यांचा अंत झाल्यावर त्यांची रक्षा त्या कुटुंबाच्याच स्मशानभूमीत, पोकीप्सी या गावी, चिरविश्रांतीस ठेवण्यात आली. या स्नेहाचे मोल कोणत्या रकान्यात मांडणार? पण नीट पाहिले तर हे उदाहरण आमच्याच बाजूचे आहे. कार्पेंटरबाईंनी स्वतः पत्र पाठवून ओळख केली होती, वर्षानुवर्षांच्या पत्रव्यवहारातून माया जडली होती. तेथे यजमानाने दिले होते. पाहुण्याने भाडे वाचवण्यासाठी घेतले नव्हते. पंढरीच्या वारीतही हेच दिसते. दिंडीतला वारकरी आपली भिशी आधी भरतो आणि मगच वाटचाल करतो. वाटेवरचे गाव पंगत घालते ते गावाच्या इच्छेने, वारकऱ्याच्या आराखड्यात ती पंगत जमेस धरलेली नसते. मिळालेले आतिथ्य आणि अंदाजपत्रकात गृहीत धरलेले आतिथ्य यांत हाच भेद आहे. पहिले प्रसाद असते, दुसरे न सांगता लावलेली पट्टी.

पिट्सबर्ग शहराने हाच प्रश्न अधिक मोठ्या प्रमाणावर आमच्यापुढे उभा केला. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी तेथे उभारलेले वाचनालय १८९५ साली खुले झाले. ते लोकांसाठी विनामूल्य आहे, अशा अर्थाचे शब्द त्याच्या दारावर कोरलेले आहेत. कार्नेगींच्या देणगीतून जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली. ग्रंथप्रेमी माणसाचे हात आपोआप जोडले जावेत असे हे काम. परंतु त्याच शहरालगत होमस्टेड येथील त्यांच्या कारखान्यात १८९२ साली मजुरीतील कपातीवरून संप झाला. कंपनीने आणलेले खाजगी शिपाई आणि कामगार यांच्यात गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसे मेली, कामगारांची संघटना मोडली. १८९८ साली होमस्टेडलाही सुंदर ग्रंथालय मिळाले. बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाने पुस्तक उघडण्याचे त्राण कोठून आणावे, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला. ग्रंथालय वाईट होते असे आम्ही म्हणत नाही. त्याचा लाभ पिढ्यानपिढ्या घेत आल्या आहेत. आमचे म्हणणे इतकेच की, ‘विनामूल्य’ ही पाटी मूल्य नाहीसे करीत नाही. ते कोणी दिले, एवढेच ती झाकते.

त्याच परिसरात दुसरे उदाहरणही आहे. पिट्सबर्ग विद्यापीठाची बेचाळीस मजली इमारत १९२६ साली बांधावयास घेतली आणि ती १९३७ साली पूर्णत्वास गेली. मधल्या काळात मंदीची लाट आली. शहरातील हजारो शाळकरी मुलांनी एकेका विटेसाठी दहा-दहा सेंट दिले, आणि ते आपण कसे कमावले, हे पत्राने कळवले. याच इमारतीत नालंदेच्या धर्तीवर विटांनी सजवलेले भारतीय दालन २००० साली सिद्ध झाले. डोंगरावर चढणारी ड्यूकेन नावाची १८७७ सालची दोरखंडाची गाडी १९६२ साली बंद पडली, तेव्हा परिसरातील रहिवाशांनी वर्गणी जमवून ती पुन्हा सुरू केली. आज तिच्या तिकिटाचा पैसा तिच्या देखभालीस जातो. अशा ठिकाणी तिकीट काढताना आम्हांस खर्च झाल्यासारखे वाटले नाही.

अखेरीस आराखडा ठरला तो असा. एक रात्र, पण खोल्या दोन. हॉटेलातले जेवण एकदाच, तेही बक्षिसीसह. संग्रहालय वगळले. बेळगावकर कुटुंबास रविवारी मंदिरातच भेटावे, असे आधी कळवले. तेथील उपाहारगृहात सर्वांनी मिळून दहीभात खाल्ला, बेळगावचा कुंदा त्यांच्या हाती ठेवला, आणि गप्पा अशा झाल्या की कोणाला उठून चहा ठेवावयाचा नव्हता. शिदोरीच्या बाबतीत आमच्या सौभाग्यवतींनी एकच प्रश्न विचारला: पहाटे चारला उठून दशम्या करणार कोण? सूनबाईंचा शनिवारही इतर कोणाइतकाच मोलाचा होता. म्हणून शुक्रवारी रात्री सगळेच ओट्याशी उभे राहिलो. पीठ मुलाने मळले, चटणी आम्ही कुटली. काटकसरीचा सर्वांत निर्मळ वाटणारा रकानाही असा तपासून पाहावा लागतो.

तात्पर्य, काटकसर सोडावी असे आमचे सांगणे नाही. साधेपणाने राहणे आणि थोडक्यात भागवणे ही आपल्या पूर्वजांची कमाई आहे, ती जपलीच पाहिजे. फक्त वाचवलेल्या प्रत्येक रकमेपुढे एक रकाना अधिक आखावा: हे कोणी भरले? तेथे स्वतःचे नाव लिहिता आले, तर तो सद्गुण. दुसऱ्याने आपण होऊन दिले असेल, तर ते ऋण. ते कृतज्ञतेने लिहून ठेवावे आणि आपली पाळी आली की फेडावे. आणि ज्याने भरले त्याला विचारलेच नव्हते, असे आढळले, तर ती रक्कम वाचली असे समजू नये. ती देणे आहे.