आठव्या दिवशी थोमा कोठे होता?
(योहान 20:24–29)



आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत असे घर विरळाच, की ज्यात मरणाने कधी पाऊल टाकिले नाही. कोणाचे लेकरू तापाने गेले, कोणाची तरुण सून बाळंतपणात गेली. अशा वेळी जुने सोयरे म्हणतात, "तुम्ही कुळदैवत सोडले, म्हणून हे झाले." मग आई रात्रभर जागी राहून मनात म्हणते, प्रभु खरोखर जिवंत आहे, तर त्याने माझे बाळ का राखिले नाही?

कित्येक वर्षांपूर्वी असाच एक बाप, मुलाला मूठमाती देऊन परत येताना, आम्हांस म्हणाला, "मेलेले उठतील, हे मला आता खरे वाटत नाही." आम्ही त्यास तेथल्या तेथे अविश्वासाचा दोष दिला. पुढे पुष्कळ रविवार तो उपासनेस आला नाही. त्या दिवशी आम्ही थोमास विसरलो होतो, हे लज्जेने कबूल करितो.

थोमा हा काही कोरड्या मनाचा मनुष्य नव्हता. प्रभु यहूदियात परत जाण्यास निघाला, तेव्हा आपणही त्याच्याबरोबर मरावयास जाऊ, असे बोलणारा तोच. ज्याची प्रीती मोठी, त्याचा शोकही मोठा. आणि त्याचा संशय ह्या शोकाच्याच पोटी जन्मला. प्रभूच्या जखमा पाहिल्यावाचून व त्यांस हात लाविल्यावाचून मी विश्वास धरणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले.

आता शास्त्र काय सांगते ते पाहा. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात जमले, आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. इतरांनी त्यास बाहेर घालविले नाही, व तोही त्यांस सोडून गेला नाही. संशय मनात असताही तो विश्वासणाऱ्यांमध्ये राहिला, आणि तेथेच त्यास प्रभु भेटला.

प्रभूने प्रथम शांतीचा आशीर्वाद दिला, आणि मग आपले हात थोमापुढे केले. थोमा जे बोलला होता, ते त्याने ऐकिले होते! आणि त्या गौरवी देहावर खिळ्यांचे वण तसेच होते. पुनरुत्थान झाले, म्हणून वधस्तंभ खोटा ठरला नाही. तसेच आमची आशा मरणास क्षुल्लक म्हणत नाही. लाजारास आता उठवावयाचे, हे ठाऊक असताही येशू रडला. पौल थेस्सलनीकेकरांस रडण्याची मनाई करीत नाही; आशाहीनांसारखे रडू नका, एवढेच तो म्हणतो.

ही आशा केवळ मनाची समजूत नव्हे. उठलेल्या प्रभूस एके वेळी पाचशेंहून अधिक बंधूंनी पाहिले व त्यांतील बहुतेक अद्याप जिवंत आहेत, असे पौलाने करिंथकरांस लिहिले. ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ, हेही त्यानेच लिहिले. प्रेषित असा प्रश्न उघड मांडितो, तर दुःखी मनुष्याने विचारिला म्हणून आम्ही का रागवावे?

पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. दुष्काळात आईबाप, पुढे 1880 साली भाऊ, 1882 साली पती, असे त्यांचे एकेक माणूस गेले. अखेर जुलै 1921 मध्ये एकुलती एक कन्या मनोरमाबाई गेली. त्यानंतर नऊ महिने पुरे होण्यापूर्वीच, एप्रिल 1922 मध्ये, बाईंनीही केडगाव येथे देह ठेविला. परंतु बायबलाचे मराठी भाषांतर त्यांनी तडीस नेले होते. आशा म्हणजे अश्रूंचा अभाव नव्हे. डोळे ओले असताही नांगर न सोडणे होय.

त्या बापाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. मंडळीतील एक म्हातारी आजी रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसे. ती उपदेश करीत नसे; मुलाची आठवण निघाली की त्याच्याबरोबर रडे, आणि उठताना प्रार्थना करी. एका रविवारी तो तिच्याच मागून येऊन सतरंजीच्या कडेस बसला.

उपदेशक बंधूंनो, शोकाच्या घरी उत्तर देण्याची घाई करू नका. थोमाची जागा राखून ठेवा. आणि दुःखी बंधुभगिनींनो, विश्वास दुबळा झाला, म्हणून मंडळी सोडू नका. संशय घेऊन या, पण या. न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांस ज्याने धन्य म्हटले, तो बंद दारांतूनही आत येतो. आमेन.